सहाच्या गोळीचं काम

मालसूनचा आजार पाठीच्या मणक्यात उतरला आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तिने डॉक्टरला एकच प्रश्न विचारला.

"मग पाण्यात कधी जाऊ?"

डॉक्टर तरुण होता, आमच्या जेजू बेटाचा नव्हता, समुद्रापलीकडून, कोरियाच्या मुख्य भूमीवरून बदली होऊन आलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कॅन्सर स्वादुपिंडातून मणक्यात गेला आहे, आता ऑपरेशन नाही, हे त्याचं तीन तऱ्हांनी सांगून झालं होतं. मालसूनला ते पहिल्याच वेळी समजलं होतं.

"आजी, आता पाण्यात नाही जायचं. आता दुखणं आटोक्यात ठेवायचं. सकाळी सहाला एक गोळी, संध्याकाळी सहाला एक. एक गोळी बारा तास पुरते. दुखत असलं तरी घ्यायची, नसलं तरी घ्यायची. मधेच कळ आली तर ही दुसरी, लहान. ती लगेच लागू पडते."

"दुखत नसताना औषध?"

"दुखू नये म्हणून."

मालसूनने मान हलवली. बाजारात भाव पटला नाही की ती तशी हलवायची.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. फेब्रुवारी होता. काळ्या दगडांच्या बांधांमागे लसूण हिरवा झाला होता.

"पोरगा शिकलेला आहे," ती म्हणाली. "पण बसून औषध खा म्हणतो."

"घ्यायचं तर खरं."

"तुम्ही घ्या, मिरानचे बाबा. बसून खायची सवय तुम्हाला आहे."

पुढच्या बाकावरची बाई खुदकन हसली. मीही हसलो. हा टोमणा मी पन्नास वर्षं ऐकत आलो होतो. आमच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरतात आणि पुरुष पोर मांडीवर घेऊन बांधावर बसतात. मीही बसलो. मिरान माझ्याच मांडीवर वाढली.

मालसून सतराव्या वर्षी पाण्यात उतरली आणि एकाहत्तराव्या वर्षापर्यंत उतरत राहिली. श्वास रोखून दहा-बारा मीटर खाली जायचं, शंख काढायचे, वर यायचं, शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा, पुन्हा खाली. दिवसाला शंभर वेळा तरी. कानांवर आणि कपाळावर दाब बसतो, म्हणून आमच्याकडच्या सगळ्या जणी पाण्यात जाण्याआधी डोकेदुखीची एक पुडी घेतात. कागदातली पांढरी पूड जिभेवर टाकायची, वर घोटभर पाणी. मालसूनची पुडी रोज मीच फाडून द्यायचो, कारण तोवर तिच्या हातांत रबराचे मोजे चढलेले असायचे.

पाण्यात जायचं त्या दिवशी पुडी. घरी असलं की नाही. दाढ ठणकली तरी नाही, ताप आला तरी नाही. मिरानच्या वेळी दीड दिवस कळा दिल्या, तेव्हा सुईणीने पुडी पुढे केली तर मालसून म्हणाली होती, "मी कुठे कामाला चाललेय?"

हे मला माहीत होतं. तरी गोळ्यांचं पाकीट मी तिच्या हाती दिलं, आणि माझं काम झालं असं समजलो.

मार्चमध्ये आम्ही लसणातलं तण काढलं. मी नको म्हणत होतो. तिने ढुंगणाला गोल उशी बांधली आणि सरीत जाऊन बसली. सकाळची गोळी ती माझ्यासमोर घ्यायची. गोळी घेतली की नऊपर्यंत तिचा चेहरा मोकळा व्हायचा, आणि दुपारी दोनपर्यंत माझ्या पुढे दोन सऱ्या असायची. संध्याकाळची गोळी घेतली का विचारलं की म्हणायची, "घेतली." मी स्वयंपाक करत असायचो. कधी पातेल्याला हात न लावलेला माणूस मी, पण आजार आल्यापासून बार्लीचा भात आणि शेवाळाची पेज मला जमायला लागली होती.

पण सकाळी तिच्याकडे बघवत नव्हतं. अंथरुणात गुडघे पोटाशी, कपाळ भिंतीला टेकलेलं. उशाशी टॉवेल, त्यावर दातांचे ठसे. पोट साफ होत नव्हतं ते वेगळंच. आठ-आठ दिवस. पोट दगडासारखं लागायचं हाताला. एकदा मलाच रबरी मोजा घालून मदत करावी लागली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शंख काढताय का?" मी म्हणालो, "लहान आहे, परत सोडतो." ती हसली, मग रडली. तिला रडताना मी तोवर दोनदाच पाहिलं होतं.

आरोग्य केंद्राची नर्स दर बुधवारी यायची. मून तिचं आडनाव. पोट साफ व्हायचं औषध तिनेच सुरू केलं. ती विचारायची, "आजी, शून्य ते दहात किती दुखतं?"

"जानेवारीच्या पाण्यात चार तास काढल्यावर दहा धर. मग हे सकाळी आठ, दुपारी तीन."

"दोन्ही गोळ्या घेता ना?"

"घेते."

नर्स वहीत लिहायची. डॉक्टरने गोळीची ताकद वाढवली. महिन्याने पुन्हा वाढवली.

एप्रिल संपत आला. लाल शेवाळ काढायला मे महिन्यात पाणी उघडतं, म्हणजे बंदी उठते. त्या दिवशी गावातली प्रत्येक बाई उतरते, सगळा माल एका ठिकाणी येतो आणि सारखा वाटला जातो. जी उतरत नाही तिला वाटा नाही. पण वाट्यापेक्षाही मोठं म्हणजे, त्या दिवशी घरी राहिलेल्या बाईला गाव आपल्यात धरत नाही.

मालसूनचा रबरी पोशाख वापरात नव्हता, म्हणून मी तो उन्हात टाकायला काढला. सोबत तिचा पाण्यातला चष्मा होता, पत्र्याच्या डब्यात. चष्म्याखाली वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या होत्या. नीट घडी घातलेल्या, औषधाच्या पुडीसारख्या. सहा. एक उघडली. पांढरी पूड, मधे मधे गुलाबी कण. तिची सहाची गोळी वरून गुलाबी होती, आणि एका पुडीत आठ-दहा गोळ्या तरी असतील.

मी स्वयंपाकघरात गेलो. लसूण ठेचायच्या दगडी खलाच्या तळाशी गुलाबी रेघ होती.

मालसून अंगणात बार्ली पाखडत होती. मी पुड्या तिच्यासमोर सुपात ठेवल्या.

"हे काय?"

तिने सूप खाली ठेवलं. "शेवाळाच्या दिवशीचं."

"सगळं?"

"मला पूडच लागू पडते. गोळी पोटात नुसती पडून राहते. त्या दिवशी सकाळी चार घेईन, मग पाण्यात दोन. शेवटचं एकदा उतरते, मिरानचे बाबा. मग तो पोरगा म्हणतो तशी पडून राहीन."

"आणि इतके दिवस संध्याकाळी काय घेत होतीस?"

"संध्याकाळी कसलं काम असतं?"

 पन्नास वर्षं पुडी फाडून देणारा मीच. त्या पुडीचा हिशोब तिच्या अंगात कुणी घातला होता?

नर्स मून दुसऱ्या दिवशी आली. तिने एक पुडी उघडून पाहिली. मग मालसूनच्या समोर गुडघ्यावर बसून तिने सांगितलं.

"आजी, ही गोळी हळूहळू विरघळते. बारा तास. पूड केली की बारा तासांचं एकदम अंगात उतरतं. आणि हे औषध जास्त झालं की श्वास घ्यायचा आहे हेच शरीर विसरतं. तुम्ही खाली गेला असता, आणि वर यायचंय हे तुम्हाला कळलंच नसतं."

मालसूनने पुड्या पुढे सरकवल्या. तिची थोरली बहीण तशीच खाली राहिली होती, एकोणीसशे ऐंशी साली.

नर्सने पुड्या पिशवीत बंद करून नेल्या. सगळ्या गोळ्या पोटात जातायत असं धरून वाढवलेली ताकद डॉक्टरला विचारून पुन्हा कमी केली. जाताना फाटकाशी मला म्हणाली, "आजोबा, अख्खी गोळी, सहाच्या ठोक्याला, तुमच्यासमोर."

त्या संध्याकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेलो. मालसूनने तोंड फिरवलं.

"श्वासाचं समजलं," ती म्हणाली. "पूड करणार नाही. पण काम नसताना मी औषध घेणार नाही. भिकारीण आहे का मी?"

"दुखतंय ना?"

"दुखतंय तर दुखतंय."

तीन दिवस तसंच गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीत भिंतीला धरून उभी होती आणि उभ्यानेच तिला लघवी झाली. ती मला म्हणाली, "बाहेर जा." मी बाहेर गेलो, आणि बाहेर गेलो तो थेट समुद्राकडेच निघालो.

बायका पाण्यातून येऊन बुल्तॉकमध्ये शेकत होत्या. काळ्या दगडांचा गोल आडोसा, मधे जाळ. तिथे पुरुषाने जायचं नसतं. मी पन्नास वर्षांत गेलो नव्हतो. आडोशाच्या बाहेर, राखेच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहिलो.

"पुरुषाचा वास येतोय गं," आतून कुणीतरी म्हणालं.

"मालसूनचा नवरा, दूपिल आहे. दूपिल, तिथेच थांबा, आम्ही उघड्या आहोत."

"सत्तरीतल्या उघड्या! बघण्यासारखं काय उरलंय?"

हशा झाला. मी दगडाकडे बघून म्हणालो, "इनहोंगशी बोलायचंय."

इनहोंग त्यांची म्होरकी. कुणी कुठे उतरायचं, कधी परतायचं, हे ती ठरवते. मालसूनपेक्षा चार वर्षांनी लहान, तिनेच शिकवलेली. ती उठली नाही. मला भिंतीबाहेरूनच सगळं सांगावं लागलं, सगळ्यांच्या कानांवर. पुड्यांचं, टॉवेलचं. न्हाणीतलं सांगितलं नाही.  लाकूड तडकल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तिला काम पाहिजे," इनहोंग म्हणाली.

"हो."

"सकाळी सहा, संध्याकाळी सहा."

"हो."

"जा घरी. आणि पुन्हा इकडे येऊ नका. ओला पोशाख अंगावरच वाळला माझ्या."

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. मी मालसूनच्या कानाशी धरला. इनहोंग पाण्यातली बाई, दाबाने कान बधिरलेले, तिचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"मालसून, उद्याचा वारा सांग."

"तुझ्या फोनात हवामान येतं ना?"

"फोनला गुडघे आहेत का? मागच्या आठवड्यात उत्तरेचा म्हणाला आणि दक्षिणेची लाट आली. पोरींना मी काय सांगू? रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला बांधावर बस, समोरचं बेट बघ, दगडांचा आवाज ऐक, आणि मला सांग. पाण्याचंच काम आहे हे. औषध घेऊन मग बस. कण्हत सांगितलेला वारा मला नको."

मालसूनने फोन खाली ठेवला. माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुम्ही बुल्तॉकला गेला होता."

"नाही."

"चपलेला राख आहे." मग तीच म्हणाली, "काय म्हणाल्या?"

"पुरुषाचा वास येतो म्हणाल्या."

ती बरगडी धरून हसली. मग हात पुढे केला. मी गोळी दिली, अख्खी. तिने ती जिभेवर बराच वेळ धरली, सवयीने, आणि मग गिळली.

त्या दिवसापासून आमची रीत बसली. सहाला दहा मिनिटं असताना मी तिला उठवायचो. गोळी. मग पोट साफ व्हायचं औषध, त्याला ती शिव्या द्यायची. मग तिला पाठीशी उशी देऊन बांधावर बसवायचो, गुडघ्यांवर कांबळं. ती बेटाकडे बघायची. बेट जवळ आल्यासारखं दिसलं की दक्षिणेचा वारा येणार. किनाऱ्यावरचे गोटे लाट परतताना घरंगळले की बाहेर मोठी लाट आहे. ती नाक वर करून वास घ्यायची. मी फोन लावायचो.

"उत्तरेचा. दुपारपर्यंत उतरा, दोनच्या आत वर या."

"बरं," इनहोंग म्हणायची आणि ठेवून द्यायची. आभार नाहीत, चौकशी नाही. मालसूनला तेच हवं होतं.

आठ दिवसांत टॉवेलवरचे ठसे गेले. तिला झोप लागायला लागली. बुधवारी नर्सने विचारलं तर म्हणाली, "तीन. वारा बदलला तर चार." मधेच कळ आली तर लहान गोळी मागून घ्यायची, न लाजता. म्हणायची, "द्या, पोरी पाण्यात आहेत अजून, मला बघायचंय."

शेवाळाचा दिवस आला. ती उतरली नाही. बांधावरून तिने वारा सांगितला, आणि संध्याकाळी तिचा वाटा घरी आला. ओलं लाल शेवाळ, दोन पोती. मी म्हणालो, चुकून आलं असेल. पोतं टाकणारी बाई म्हणाली, "चूक कसली, साम्चुन कामावर होत्या." आमच्याकडे मोठ्या माणसाला, बाई असो की बुवा, साम्चुन म्हणतात. मालसूनने ते शेवाळ रस्त्याच्या कडेला स्वतःच्या हाताने पसरलं. दहा पावलं पसरलं, बाकी मी.

मग लसूण काढायच्या दिवसांत ती चुकली. आदल्या आठवड्यात दुखणं वाढलं म्हणून गोळीची ताकद वाढवली होती. सकाळी तिच्या पापण्या जड होत्या. "उत्तरेचा, शांत," ती म्हणाली. बायका उतरल्या. दहा वाजता दक्षिणेची लाट उठली. जाळ्या रिकाम्या घेऊन त्या परतल्या. एका तरुण पोरीचा गुडघा खडकावर फाटला, सात टाके पडले.

संध्याकाळी मी गोळी घेऊन गेलो तर मालसून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नको. याच औषधाने माझं नाक मेलं. पोरीचा पाय गेला असता."

"नर्स म्हणाली ना, सुरुवातीचे तीन-चार दिवस गुंगी राहते. मग जाते."

"सांगा इनहोंगला, दुसरी कुणी बघ म्हणावं."

सहा वाजले. सव्वासहा वाजले. तिच्या कपाळावर घाम आला. साडेसहाला फोन वाजला.

"वारा कुठाय?" इनहोंग ओरडली.

मालसूनने उशीत तोंड खुपसलं. मीच म्हणालो, "ती नाही म्हणतेय. सकाळच्या चुकीमुळे."

"द्या तिला. मालसून! गेल्या वर्षी मी किती वेळा चुकले? अकरा वेळा. ओकसुनचा तरंगायचा भोपळा माझ्यामुळेच वाहून गेला. कुणी मला घरी बसवलं? तू आजारी आहेस म्हणून तुझी चूक मोठी होय? टाके पडलेल्या पोरीने विचारलंय, साम्चुननी उद्याचा वारा सांगितला का. मी तिला काय सांगू?"

मालसून भिंतीकडून माझ्याकडे वळली.

"पाणी आणा," ती मला म्हणाली.

त्यानंतर ती चुकली तरी सांगत राहिली.

जुलैमध्ये गिळता येईना. नर्सने गोळ्या बंद करून छातीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली, तीन दिवसांनी एक बदलायची. पट्टीला सहाचं बंधन नव्हतं. मालसून तरी सहाला डोळे उघडायची. बांधावर नेणं संपलं होतं. मी दार उघडं ठेवायचो. ती ऐकायची, मग हनुवटी हलवायची. वर म्हणजे उत्तरेचा. खाली म्हणजे दक्षिणेचा. मी इनहोंगला सांगायचो. बेचाळीस किलोची बाई तीस किलोची झाली होती. मी तिला पुसताना कानांमागे जुन्या चष्म्याच्या पट्ट्याचा वळ दिसायचा. तो शेवटपर्यंत गेला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी सहाला मी दार उघडलं आणि तिने हनुवटी हलवली नाही. मी हात धरून वाट पाहिली. मग फोन केला.

"वारा?" इनहोंग म्हणाली.

"मालसून गेली."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता. ती किनाऱ्यावर उभी असणार.

"आज कुणी उतरणार नाही," ती म्हणाली.

मिरान बुसानहून आली, दहा दिवस राहिली, परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." मी म्हणालो, लसूण लावायचाय. लसूण मी लावलेला नाही.

परवा इनहोंग आली. ओसरीवर शंखांची बादली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आता तुम्ही सांगा वारा. सहाला."

"मला कळत नाही वारा."

"पन्नास वर्षं त्या बांधावर बसून काय बघत होता मग?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं.

"तिचा भोपळा."

बायका ज्याच्या आधाराने तरंगतात तो भोपळा आता थर्मोकोलचा असतो, वर नारिंगी कापड. खाली गेलेल्या बाईचं पाण्यावर तेवढंच दिसतं. इनहोंगने बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"तरी सांगा," ती म्हणाली आणि गेली.

फडताळात तीन पट्ट्या आणि अकरा गोळ्या शिल्लक आहेत. त्या आरोग्य केंद्रात परत करायच्या आहेत, नर्स मूनने दोनदा आठवण केली. पोशाख बुल्तॉकमध्ये द्यायचा आहे, ओकसुनच्या अंगाला बसेल. सहाला दहा मिनिटं असताना मी अजून उठतो आणि पेल्यात पाणी भरतो.

आज संध्याकाळी मी बांधावर येऊन बसलो आहे. बेट जवळ दिसतंय. गोटे घरंगळतायत. सहा वाजून गेले. मी अजून फोन केलेला नाही.